काजूच्या कारखान्याचा कौल

मॅट्रिक होऊनही मुंबईला न गेलेला आमच्या वाडीतला मी एकटाच. माझ्या बरोबरीचे सगळे गेले. थोरला भाऊ गिरणीत होता, वडील आगबोटीवर. ते वर्षा-दोन वर्षांनी घरी यायचे आणि आले की पाहुण्यासारखे ओटीवर बसायचे. घरात आई आणि मी. भावाने माझ्यासाठी मुंबईत नोकरी बघून ठेवली होती, फक्त मी निघायचं बाकी होतं. मी गेलो की आई एकटी पडणार हे दोघांनाही ठाऊक होतं आणि म्हणूनच त्या विषयावर आम्ही कधी बोलत नसू. अशात तो पाखलो आला.

पाखलो म्हणजे गोरा माणूस. हा बेल्जियमचा होता. पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. गोवा पोर्तुगीजांकडे होता, पण शीव अजून बंद झालेली नव्हती. आमचं गाव बांद्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. समोरचा काठ पोर्तुगीजांचा. मधे एक तर चालायची, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. तिकडे बाहेरून येणाऱ्या मालावर जकात नावापुरतीच. त्यामुळे बांद्याच्या बाजारात परदेशी ब्लेडं आणि सेंटच्या बाटल्या कुणाच्या ना कुणाच्या पिशवीत असायच्याच, आणि त्या आल्या कुठून हे विचारायची पद्धत नव्हती.

पाखल्याचा बेत सरळ होता. आफ्रिकेतली काजूबी बोटीने मुरगावला उतरवायची, पलीकडच्या काठावर कारखाना घालून ती भाजायची, फोडायची, सोलायची आणि गर डब्यांत भरून पुन्हा बोटीवर चढवायचा. डबे आणि यंत्रं जवळजवळ जकातीशिवाय येणार, जागा भाड्याने स्वस्तात मिळणार, आणि बी फोडायला अलीकडच्या काठावरच्या बायका. त्याच्या हिशेबात सगळ्यात स्वस्त काय असेल तर त्या आमच्या बायका, आणि हे त्याने मला तोंडावर सांगितलं. मला राग आला. मी नोकरीही धरली. दोन्ही एकाच दिवशी.

लहानपणी मावशीकडे पलीकडे राहून मी पोर्तुगीज शाळेत गेलो होतो, म्हणून त्याने मला उचललं. ते सगळं वर्ष पणजीच्या कचेऱ्यांत गेलं. परक्या मुलखातल्या माणसाने परक्या मुलखात कंपनी काढायची म्हणजे शिक्क्यांचं जंगल. ह्या कचेरीत म्हणत आधी त्या कचेरीचा शिक्का आणा, त्या कचेरीत म्हणत आधी ह्यांचा. दुपार झाली की सगळे झोपायला घरी. साहेब बाकावर बसून टोपीने वारा घेत मला विचारायचा, “तुमच्या बाजूलाही दुपारी असेच झोपतात?” मी सांगायचो, “आमच्याकडे दुपारची वाट बघत नाहीत.” तो खो खो हसायचा. त्याच्या डब्यातला पाव तो मोडून अर्धा मला द्यायचा. मला टाइपरायटर त्याने शिकवला, मालाचा हिशेब मांडायला त्याने शिकवलं. माझ्या भाषेतल्या चुका सुधारताना तो स्वतःच्या चुकाही मला विचारायचा. त्याची पोर्तुगीज माझ्याहून वाईट होती. मी त्याचं देणं लागतो, आणि हे म्हणताना मला कमीपणा वाटत नाही.

शेवटी कारखाना उभा राहिला. मंगलोरी कौलांची लांब पडवी, भट्टी, बी फोडायची बाकं आणि डबे बंद करायचं हातयंत्र. छपराला त्याने परदेशी गॅसबत्त्या टांगल्या, कारण बोट गाठायची तर रात्री उशिरापर्यंत काम चालायला हवं होतं. त्या बत्त्यांवर त्याचा फार जीव. जागेच्या मालकाने पलीकडच्या राखणदाराला रीतीप्रमाणे नारळ ठेवला. राखणदार म्हणजे जागेचं रक्षण करणारा देव. साहेबाने टोपी काढून तेही बघितलं. आम्ही घरोघर फिरून चाळीसेक बायका ठरवल्या. सगळ्या हो म्हणाल्या.

कामाच्या पहिल्या सकाळी साहेब पांढरा कोट घालून काठावर उभा होता. भट्टी पेटलेली, पहिली बी भाजून थंड व्हायला ठेवलेली. तर आली. तरीत तरीवाल्याशिवाय कुणी नव्हतं.

“आज सण आहे का?” साहेबाने मला विचारलं.

सण नव्हता. तरीवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, “देवाक इचारल्याशिवाय आमची बायलमाणसां शीव कशी वलांडतली रे?”

मी कपाळाला हात लावला. पलीकडच्या देवाला नारळ ठेवला होता, अलीकडच्याला कुणी विचारलंच नव्हतं! एखाददुसरी बाई बाजाराला पलीकडे गेली तर आमच्या गावच्या रवळनाथाला काही वाटत नाही. पण गावातल्या चाळीस बायका रोज शिवेबाहेर जाणार म्हणजे ते गावाचं काम, आणि गावाच्या कामाला देवाचा कौल लागतो. पोर्तुगीज सरकारच्या सगळ्या परवानग्या आमच्याकडे होत्या, आणि त्या तरीवाल्याच्या लेखी आम्ही बिनपरवान्याचे होतो.

साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आठवडाभर थांबतो. त्यानंतर यंत्रं उचलून आफ्रिकेला नेईन. तिथे काजू दारातच आहे.” त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. यंत्रं आफ्रिकेला म्हणजे मी मुंबईला. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि पेज वाढली.

कौल लावायचं ठरलं. साहेबाला मी देवळात घेऊन गेलो. बूट काढून, हातात नारळ धरून तो सभामंडपात उभा राहिला, पांढरे पाय घेऊन. पोरं त्या पायांकडेच बघत होती. गाव जमलं होतं, मागे खांबांपाशी बायका, त्यांत आई. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, उजवीकडे आणि डावीकडे; उजवी पडली तर होकार, डावी तर नकार. देवाशी गावाच्या वतीने बोलायचा हक्क आमच्या मानकऱ्यांचा. म्हातारे, किडकिडीत, पण आवाज असा की नदीपलीकडे जावा.

“बा देवा म्हाराजा! परमुलखातलो एक पाव्हणो तुझ्या पायाकडे इलो आसा. तेच्या कारखान्याक आमची बायलमाणसां जावची काय? जावची आसात तर उजवो दी.”

डावी पाकळी पडली.

मानकऱ्यांनी विचारलं, शिवेवर कोंबडो व्हयो काय? डावी. पाखल्यान दरवर्सा नारळ ठेवूचो काय? पुन्हा डावी. साहेबाने माझ्या कानात विचारलं, “काय चाललंय?” मी म्हटलं, “वाटाघाटी.” त्याने मान हलवली. वाटाघाटी त्याला कळत होत्या.

मानकरी थांबले. विचारायला काही उरलंच नाही, असं झालं. आणि मागून आवाज आला. “भावजीनू, माझा एक इचारा.”

आईचा आवाज. आमच्या देवळात कौलाच्या वेळी बाई बोलत नाही. सगळ्या माना वळल्या. माझे कान तापले.

“बायलमाणसां दिवो लागाच्या आधी आपापल्या घराक येवक व्हयी. ही अट देवाच्या मनात आसा काय, ता इचारा.”

मानकऱ्यांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग देवाकडे वळून तेच शब्द जसेच्या तसे विचारले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. ती वाऱ्याने पडली म्हणणारे म्हणोत. वाऱ्याला त्याआधी तीनदा संधी होती.

आता अट साहेबाला सांगायची होती, आणि सांगणारा मी. ती अट म्हणजे संध्याकाळचं काम बंद, गॅसबत्त्या फुकट, बोट चुकायची भीती. तो नाही म्हणाला तर माझी मुंबई ठरलेली. पोर्तुगीज तिथे दुसऱ्या कुणाला येत नव्हती. ‘शक्यतो लवकर सोडा’ असं काहीतरी गुळमुळीत सांगून मला वेळ मारून नेता आली असती. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, देवाकडे बघत होती. मी अट होती तशी सांगितली.

साहेबाने हातातला नारळ एकदा फिरवला. त्याच्या डोक्यात आकडे चालले की त्याचा खालचा ओठ आत जायचा, तसा गेला. मला वाटलं, संपलं.

“तुझा देव चांगला वकील आहे,” तो शेवटी म्हणाला. “त्याला सांग, बत्त्या उतरवतो.”

मी सांगितलं. मंडपात एकच गलका झाला. मानकऱ्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं: ह्या पाव्हण्याचा काम सुखान चालानदी, गेलेली बायलमाणसां सांजेक सुखरूप येवंदी, कोणाच्या हाताक इजा होव नये. प्रत्येक वाक्याला गाव म्हणत होतं, “व्हय म्हाराजा!” तिसऱ्या वाक्यापासून साहेबही म्हणायला लागला, सगळ्यांच्या थोडा मागून, पण खड्या आवाजात. पोरं हसली. मानकरी हसले नाहीत. त्यांनी त्याच्या हातातला नारळ घेतला आणि देवासमोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तर भरून आली. पुढे शीव बंद होईपर्यंत कारखाना चालला. पहिली बोट थोडक्यात हुकली, नंतरच्या मिळाल्या. बीच्या तेलाने बायकांचे हात काळे व्हायचे, ते आधी राख चोळून घ्यायच्या, तरी कातडी जायचीच. ते काम सोपं होतं असं मी म्हणणार नाही. पण दिवेलागणीच्या आधी शेवटची तर अलीकडे लागायची, एकदाही चुकली नाही. साहेब स्वतः काठावर उभा राहून बायका चढल्या की नाही ते बघायचा. शीव बंद झाली तेव्हा तो गेला. त्याने शिकवलेल्या हिशेबावर मला बांद्यात काजूच्या व्यापाऱ्याकडे काम मिळालं आणि मी गावातच राहिलो. आईच्या शेवटापर्यंत तिच्याजवळ राहिलो. रवळनाथाचे उपकार, साहेबाचे उपकार. पण सगळ्यांत मोठे कुणाचे, ते कौलाच्या दिवशीच मला कळलं.

देवळातून आई आणि मी भर दुपारी घरी परत येत होतो. बांधावरून ती पुढे, मी मागे. मला राहवेना.

“आये, तो नाय म्हणालो असतो तर माका मुंबयक जावचा लागला असता. तुका ठावक होता मा?”

“होता.”

“मगे कित्याक इचारलस?”

ती चालायची थांबली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

“माका एकटीक ऱ्हवाक जमता रे. पोरांक काळोखात आयेशिवाय ऱ्हवाक जमणा नाय.”

एवढं बोलून तिने माझा दंड धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.