मिनिटबाई

बाईंनी हात धरला की वॉर्डात बोलायची सोय नसे. खाटेवरचा माणूस कितीही बडबड्या असो, नातेवाईक कितीही घाईचा असो, बाईंची तीन बोटं मनगटावर टेकली आणि नजर एप्रनवर उलट्या टाचलेल्या घड्याळाकडे गेली, की पुढचं एक मिनिट त्यांचं. एकदा मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा लवाजमा घेऊन आले आणि दारातूनच काहीतरी विचारू लागले. बाईंनी मोकळा हात नुसता वर केला. डॉक्टर थांबले, लवाजमा थांबला, आणि बाईंनी "हं, बोला" म्हटल्यावरच सगळे पुढे सरकले. तेव्हापासून त्या वॉर्डात शिरताना डॉक्टर आवाज बाहेरच ठेवून यायचे.

मिनिटबाई हे नाव नर्सिंगच्या पोरींनी ठेवलेलं. पंधरा सेकंद मोजायचं आणि चाराने गुणायचं, ही घाईच्या वॉर्डातली सर्रास रीत. बाईंना ती खपत नसे. "माणूस म्हणजे काय चाराचा पाढा आहे?" त्या विचारायच्या. "विसाव्या सेकंदाला ठोका चुकला, तर तो तुझा पाढा सांगणार आहे का?" त्या पोरींना डोळे मिटून एकमेकींची मनगटं धरायला लावत. बोटं टेकवायची, दाबायची नाहीत. दाबलीत तर नाडीच बंद पडेल आणि तुम्ही बोंब मारत सुटाल. नुसता आकडा आणू नका. भरलेली आहे की दोऱ्यासारखी बारीक, एका चालीने चाललीय की मध्येच पाय अडखळतोय, तेही घेऊन या. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे अंगठा. "अंगठ्याला स्वतःची नाडी असते, बयांनो! अंगठा लावाल तर रोग्याला सोडून स्वतःचीच विचारपूस करून याल."

हे सगळं मास्टरांना पाठ होतं. मास्टर म्हणजे बाईंचे यजमान. कपडे शिवायचे, घराची पुढची खोली हेच दुकान. त्यांची ओळखच मुळी सुई बोटात मोडली म्हणून झाली. तरुण मास्टर दवाखान्यात बसलेले, एका तरुण नर्सने त्यांचा हात धरला, मिनिटभर घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "फार जोरात चाललीय. सुईची एवढी भीती?" मास्टर म्हणाले, "सुई तर केव्हाच निघाली." लग्नानंतर बाई ही गोष्ट कोणाला सांगू देत नसत, आणि मास्टर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत.

बायकोचा त्यांना भारी अभिमान. रस्त्यातून जाताना कोणी अनोळखी माणूस बाईंना नमस्कार करायला थांबला, की मास्टर दोन पावलं मागे राहून बघत बसायचे. एका म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं, की दवाखान्यात पडून असताना दिवसभरात सगळे त्याच्याकडे येता-जाता बघत. थांबून बघणाऱ्या फक्त बाई. मास्टरांनी त्या म्हाताऱ्याची विजार फुकट आखूड करून दिली होती.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाईंचं स्वतःचंच हृदय बिनसलं. ठोके वेडेवाकडे पडू लागले. डॉक्टरांनी ठोके मंद करणारी एक गोळी दिली आणि बजावलं, की रोज सकाळी गोळीच्या आधी नाडी मोजायची. साठाच्या खाली असेल तर गोळी घ्यायची नाही, सरळ फोन करायचा. ठोके असे अडखळत असताना घरच्या बीपी मशीनचा भरवसा नाही, हातानेच मोजायची, पूर्ण मिनिट. "हे तुम्हाला मी काय सांगणार!" असं म्हणून डॉक्टर स्वतःच हसले, आणि बाईही हसल्या.

बाई हसल्या खऱ्या, पण घरी आल्यावर गप्प झाल्या. मास्टरांच्या लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. बाई ब्लाउजचं बटण लावताना मान वाकवून काजाकडे बघत होत्या. सगळा जन्म काजं करण्यात गेलेल्या माणसाला हे दिसणारच. बटण लावायला कोणी डोळे वापरत नाही, बोटंच आपसूक काज शोधतात.

"बोटांना काय झालंय?" मास्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"अगं, मी शिंपी आहे. मला नको सांगूस."

तेव्हा बाई खाटेच्या कडेवर बसल्या. जुन्या साखरेच्या आजाराने त्यांचे हात मनगटापर्यंत बधिर झाले होते. एकदम नाही, हळूहळू. "लागत नाही हो मला," त्या म्हणाल्या. "स्वतःची सुद्धा लागत नाही. रोज घड्याळ धरून बसते आणि अंदाजाने गोळी घेते." एवढं बोलून त्या रडल्या. मास्टरांनी त्यांना असं रडताना क्वचितच पाहिलं होतं. ते जाऊन समोर बसले आणि म्हणाले, "मी मोजीन. त्यात काय!"

त्यात काय, हे दुसऱ्या दिवशी कळलं. बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांची शाळा घेतली. बोटं इथं, अंगठ्याच्या मुळाशी, हाडाच्या आतल्या अंगाला. टेकवा. दाबू नका. मास्टरांनी बोटं टेकवली आणि त्यांना काहीही लागलं नाही. इतकी वर्षं सुया रेटून आणि कात्री चालवून बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती. इस्त्री तापली की नाही ते बघायला ते नुसतं बोट लावत. त्या बोटांना नाडी कसली कळतेय!

"लागली?" बाईंनी विचारलं.

त्यांच्या चेहऱ्यावर अशी आशा होती, की मास्टरांना नाही म्हणवेना. "लागली की," ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी हात जरा फिरवून धरला आणि अंगठा टेकवला. लागली! अशी ठणठणीत, की त्यांचा जीव भांड्यात पडला. अंगठ्याचा नियम त्यांना ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल? पण पिकतं तिथे विकत नाही. घरात इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट कानावरून जाते, आत उतरत नाही. आणि असले नियम परीक्षेला बसणाऱ्या पोरींसाठी असतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. बाईंची नजर घड्याळावर, कारण मिनिट त्या सांगायच्या. आणि मनगटावर बोट आहे की अंगठा, हे त्यांच्या बधिर कातडीला कळणार कसं?

"चौऱ्याहत्तर," मास्टर ऐटीत म्हणाले.

रोज असंच. कधी बहात्तर, कधी शहात्तर. बाई गोळी घेत. एकदा त्यांनी विचारलं, "मध्ये अडखळते का?" मास्टर म्हणाले, "छे! माझ्या मशीनसारखी चाललीय." बाई त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. वेडंवाकडं चालणारं हृदय मशीनसारखं कसं चालेल, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? पण बरं व्हायची इच्छा माणसाला कुठल्याही शहाणपणापेक्षा जास्त असते. त्यांनी गोळी तोंडात टाकली.

मग त्यांची भूक गेली. मळमळू लागलं. दिव्यांभोवती पिवळं दिसतंय म्हणाल्या. आणि एका सकाळी, नाडी मोजून झाल्यावर, शहात्तरचा आकडा ऐकून गोळी घेतल्यावर, तोंड धुवायला गेलेल्या बाई बेसिनपाशीच कोसळल्या.

दवाखाना तोच होता. आताची मोठी नर्स ही बाईंच्या हाताखाली शिकलेली. तिने मशीन लावायला सांगितलं, पण मशीन येईपर्यंत बाईंचं मनगट धरून पूर्ण मिनिट उभी राहिली. मग तिचा चेहरा बदलला. "चाळीस," ती डॉक्टरांना म्हणाली. आणि मास्टरांकडे वळून, "काका, आज सकाळी मोजली होती?"

"मोजली की! शहात्तर होती."

"मला दाखवा, कशी मोजता?"

मास्टरांनी तिचा हात धरला आणि दाखवलं. ती त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. आणि त्याच क्षणी मास्टरांना बाईंचा आवाज ऐकू आला, टेबलापाशी नाही, तर वर्षांपूर्वी, घरी जेवायला आलेल्या पोरींना अंगठ्यावरून दटावताना.

"म्हणजे ती माझी होती?" त्यांनी विचारलं.

नर्सने होय म्हणून मान हलवली. इतके दिवस ते स्वतःच्या धडधाकट हृदयाचे ठोके मोजत होते आणि त्या हिशेबाने बायकोला गोळ्या देत होते.

गोळी बंद झाली, अंगातला तिचा अंमल उतरायला काही दिवस गेले. मास्टर बाकावरून हलले नाहीत. कोणी खायला आणलं तर हातात धरून बसत. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला ते एकच विचारत, "किती?" चव्वेचाळीस. एक्कावन्न. मग एकदा मोठी नर्सच बाहेर आली आणि म्हणाली, "त्रेसष्ट. आणि तुम्हाला आत बोलावलंय. रागात आहेत."

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मास्टर पायथ्याशीच उभे राहिले.

"अंगठा लावला मी," ते म्हणाले. "बोटांना लागतच नव्हती. खोटं बोललो. मारलंच असतं मी तुला."

बाई म्हणाल्या, "अख्खं आयुष्य ओरडले मी. अंगठा नको, अंगठा नको! परक्यांच्या पोरी शिकल्या, आणि घरात हा दिवा." मास्टरांनी मान खाली घातली. "आणि मी तरी काय केलं?" त्यांचा आवाज खाली आला. "बोटं गेली हे इतके दिवस लपवलं. मशीनसारखी चाललीय म्हणालात तेव्हाच कळलं होतं मला. पण ऐकायला बरं वाटलं." त्यांनी हात पुढे केला. "या इकडे. रोज शहात्तर यायची म्हणता? चांगली आहे की तुमची. या वयात!"

मास्टर हसले आणि हसता हसता त्यांचा बांध फुटला.

घरी सोडताना डॉक्टरांनी बारीक मात्रेची गोळी लिहून दिली आणि नाडीचं काय करणार, असं विचारलं. रोज कोणीतरी येऊन मोजेल, अशी सोय करता येईल म्हणाले. बाई म्हणाल्या, "नको. यांचे कान शाबूत आहेत."

खरंच होते. आतल्या खोलीत बसून, बाहेर शिकाऊ कारागिराच्या मशीनचा एक टाका सुटला तरी मास्टरांना ऐकू यायचं. पहिल्या सकाळी बाई आरामखुर्चीत बसल्या, घड्याळ हातात घेतलं. मास्टर गुडघे सावरत खाली बसले आणि बाईंनी दाखवलं तिथे, डाव्या बाजूला, कान टेकवला.

"ऐकू येतंय?"

"येतंय." मग घाईने, "खरंच येतंय! अगं, अडखळतंय. दोन पटकन आले, मग थांबलं, मग..."

"अडखळू दे. मोठ्याने मोजा. मला ऐकू आलं पाहिजे."

मास्टर मोजू लागले. विसाच्या पुढे त्यांचा आवाज कापला आणि आकडा चुकला.

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. "पूर्ण मिनिट."

त्यांनी पहिल्यापासून मोजलं. एक, दोन, तीन... बाहेर दुकानाच्या दाराशी गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तेव्हा बाईंनी नुसता मोकळा हात वर केला. गिऱ्हाईक थांबलं. साठ झाले, अडुसष्ट झाले. काटा फिरून जागेवर आला, पुढे निघून गेला. मास्टर डोकं न उचलता मोजत राहिले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मिनिट संपलं हे बाईंनी सांगितलं नाही.