बेसिनात गेलेला पुरावा

आमच्या शेजारच्या सूनबाई प्रयोगशाळेत रोगजंतू शोधतात. एखादी गोष्ट खटकली की त्या तिचा पिच्छा सोडत नाहीत. त्यांचे सासरे आयुष्यभर बँडमध्ये ट्रम्पेट फुंकून निवृत्त झाले. "ही छाती नाही, भाता आहे भाता!" असं म्हणायचे आणि लगेच खोकायचे. खोकला काही हटेना, आणि तान्हा नातू रोज दुपारी त्याच भात्यावर झोपायचा. क्षय असला तर? सूनबाईंनी बाळाला उचललं आणि सासऱ्यांना थुंकीच्या तपासणीला धाडलं.

अहवाल आला : जंतू आढळले नाहीत.

"आणा आता माझ्या राजाला इकडे!" सासरे गरजले.

"आधी सांगा बाबा, डबीत काय दिलंत?"

"दात घासले, गुळण्या केल्या, घसा खाकरून सगळी घाण बेसिनात टाकली. मग स्वच्छ थुंकलो. घराण्याची अब्रू आहे!"

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे जंतू गेले बेसिनात आणि आम्ही तपासली तुमची अब्रू!"

त्यांचं यंत्र जंतूच्या डीएनएच्या प्रतींवर प्रती काढतं. प्रती वाढतात तसा आत घातलेला रंग चमकतो आणि पडद्यावर रेघ वर चढते. चिमूटभर जंतूही त्यात सापडतात, पण डबीत मुळात असले तर!

"जाऊ दे गं, कागदावर नाही म्हटलंय ना?" सासूबाई मध्ये पडल्या.

"कागद खोकत नाही, आई. बाबा खोकतात."

दुसऱ्या दिवशी दात घासायच्या आत सूनबाईंनी सासऱ्यांना मोकळ्या गच्चीवर उभं केलं. स्वतः मास्क लावून लांब थांबल्या.

"खोल श्वास घ्या. आता छातीतून काढा."

"अगं, लोक बघतायत!"

"ट्रम्पेट वाजवताना बघायचे, तेव्हा लाजत होतात का?"

सासरे इरेला पेटले. डबीत अखेर दाट, पिवळा बेडका पडला.

यंत्रात पडताळणीसाठी ठेवलेली नुसत्या पाण्याची नळी अंधारीच राहिली. सासऱ्यांची रेघ मात्र भराभर चढली.

सूनबाईंनी घरी येऊन आडपडदा न ठेवता सांगितलं, क्षयच आहे. सासऱ्यांनी आधी नातवाकडे पाहिलं. "आणि बाळ?"

"उद्याच डॉक्टरांना दाखवू. आपण सगळेच तपासून घेऊ. तुम्ही बरे व्हाल बाबा, पण एकही गोळी चुकवायची नाही."

"चुकली तर?"

"मी घरातच आहे."

"त्यापेक्षा जंतू परवडला," सासरे पुटपुटले. मग उठले, आपली गादी स्वतःच मागच्या खोलीत ओढत नेली आणि खिडक्या सताड उघडल्या.