पडदाभाऊंचे अस्वल

पडदाभाऊंचा आवाज त्यांच्या जीपच्या आधी गावात पोहोचत असे. "या रे लेकरायहो, अस्वल आलं!" ही आरोळी आलापल्लीच्या लाकूड आगारापाशी उठली, की मारुतीच्या पारावर माझी सायंकथा ऐकणारी मुले प्रथम एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे पाहत. पुढचा श्लोक माझ्या ओठांवर येईपर्यंत पार रिकामा झालेला असे. सर्वांत आधी उठे ती माझीच कन्या वसुधा.

शास्त्रांनी सहा रिपू सांगितले आहेत. पहिल्या पाचांशी माझा फारसा परिचय घडला नाही, ही ईश्वराची कृपा. सहावा, मत्सर, मात्र वर्षातून तीन-चार वेळा सरकारी प्रसिद्धीच्या जीपमध्ये बसून येई.

दोन सागांच्या मध्ये पडदा बांधून पडदाभाऊ आधी हिवतापाची माहिती देणारी फीत दाखवत आणि मग एक जुनी परदेशी चित्रफीत लावत. तीत सगळे हाताने रेखाटलेले होते: एक अस्वल, जखमी पंखाचा एक हंस आणि चोहीकडे बर्फ. पडदाभाऊ तिचा आवाज बंद करीत आणि स्वतः बोलत. केसांना चपचपीत तेल, गळ्यात रेशमी रुमाल. अस्वलाच्या वतीने बोलताना ते स्वतःच्याच पोटावर थाप मारीत. फीत दर वेळी तीच. अस्वल मात्र दर वेळी नवे बोले. कधी मोहफुले वेचताना त्याला वनरक्षक पकडी, तर कधी त्याची सासू सिरोंचाहून येई आणि तेलुगूत भांडे.

बर्फाचा उलगडा त्यांनी पहिल्याच खेळात करून टाकला होता. "हे अस्वल घुग्घुसचं हाये. तिथी सिमेंटची धूळ उडते ना, म्हून सारं पांढरं दिसून राह्यलं."

घरी आल्यावर मी वसुधेला जवळ बसवून म्हणालो, "बाळ, त्याला हिम म्हणतात. तुहिन म्हणतात. प्रालेय असाही एक सुंदर शब्द आहे."

"नाई बाबा. ते सिमेंट हाये. भाऊ म्हणले."

शास्त्रार्थ संपला. 'नाई' नव्हे, 'नाही', एवढेच दुरुस्त करणे माझ्या हाती उरले.

खेळाआधी पडदाभाऊ आमच्याकडे चहाला येत. एकदा मी संयमाने म्हणालो, "भाऊ, तो पक्षी हंस आहे. आपण त्याला बदक म्हणता."

"गुरुजी, हंस तुमच्या पोथीत राह्यते. आलापल्लीत बदकच राह्यते."

आमची सौभाग्यवती आतून म्हणाली, "भाऊ, यंदा तुमचं अस्वल जाड दिसते."

"मोह लय आला ना बाई यंदा!"

ती पदर तोंडाला लावून हसली आणि त्यांना दुसरा कप देऊन गेली. माझ्या कथेत हसण्याची जागा मला बोट ठेवून दाखवावी लागे. पडदाभाऊंनी माझ्या चेहऱ्यावरचे वाचले असावे. "मनाला लावू नका, गुरुजी. तुमच्या कथेतले जनावरं शहाणे असतात. माह्यावालं येडं हाये. लेकरायले येडंच आपलं वाटते."

त्यांची एक रीत मला कधी उमगली नाही. पंख बरा होऊन हंस आकाशात उडाला, की ते यंत्रासमोर आपला पंजा धरीत. पडदा काळा होई. "बदक गेलं मोहफुलं आणाले. येते!" एवढे सांगून ते यंत्र बंद करीत. शेवट का दाखवत नाही, असे मी विचारले तेव्हा ते रुमाल झटकत म्हणाले, "तो भाग कंडम हाये." फीत तिथे तुटकी असावी, असे मी समजलो.

पुढे घरोघरी दूरदर्शन आले आणि जीपच्या खेपा थांबल्या. पडदाभाऊंची बदली झाली. निरोप घेऊन ते गेले, त्या दिवशी वसुधा जेवली नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवीत म्हणालो, "अस्वलाची गोष्ट मी सांगेन तुला."

तिने माझ्याकडे करुणेने पाहिले. "तुम्हाला नाही येत, बाबा."

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

काही वर्षांनी पडदाभाऊ गेल्याचे कळले. मी त्यांच्या नावे तिलोदक सोडले आणि मनात म्हटले, आता तरी स्पर्धा संपली. पण पुढे वसुधा नोकरीनिमित्त उत्तरेच्या पहाडात गेली आणि पहिल्या हिवाळ्यात तिचा दूरध्वनी आला. आनंदाने तिला बोलता येत नव्हते. "बाबा, इथे सगळीकडे घुग्घुस झालंय!" हिम, तुहिन, प्रालेय हे तिन्ही शब्द तिच्यासाठी मी जपून ठेवले होते. त्यांतला एकही तिला आठवला नाही.

गेल्या दिवाळीत वसुधा माहेरी आली, ते ती चित्रफीत शोधूनच. संगणकासमोर तिची चिमुरडी माझ्या मांडीवर बसली. चित्रे लागली आणि वसुधा गोंधळली. "हे बोलत का नाही?" मूळ फितीत शब्दच नव्हते, केवळ एक मंद वाद्य वाजत होते. अस्वलाने आयुष्यात एक अक्षर उच्चारले नव्हते. क्षणभर मला, खोटे कशाला सांगू, बरे वाटले.

मग हंस उडाला. या वेळी मध्ये पंजा आला नाही. फीत कुठे तुटलेलीही नव्हती. अस्वल आकाशाकडे पाहत उभे राहिले. बर्फ पडू लागला. त्याची पावले बुजली, मग पाय, मग ते सबंध. पांढऱ्या पडद्यावर वाद्य थांबले. 'कंडम' या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला.

वसुधेचे डोळे भरले होते. नातीने मान वर करून विचारले, "आजोबा, तो पक्षी परत येतो ना?"

प्रत्येक संयोगाचा अंत वियोगात होतो, हे सांगणारा श्लोक माझ्या जिभेवर तयार होता. पण जिभेने तो सोडला नाही. पोटावर थाप मारून मी म्हणालो, "येते ना! काऊन नाई येणार? बदक गेलं मोहफुलं आणाले."

नात खुदकन हसली. पारावर इतकी वर्षे कथा सांगितली, पण असे हसू मला कधी मिळाले नव्हते. मी वसुधेकडे पाहिले. ती डोळे पुसत, हसत, लेकीला जवळ ओढून सांगत होती, "हो गं, येतं ते. भाऊ म्हणले होते."