नदीची वटी मी भरली नाही

दारात टेम्पो उभा होता. कपाट, गाद्या, माझी भूगोलाची पुस्तकं, सगळं चढलं होतं. सासूबाई तेवढ्या चढल्या नाहीत. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. पंचगंगेकाठच्या त्या घराच्या दारात कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "जावा. नदीला पाठ दाखवून कोण सुखी झालंय, ते मला बी बघू दे." आमचे हे मान खाली घालून उभे राहिले. मी नाही घातली. ड्रायव्हरला म्हटलं, चला पावणं.

गावातल्या बायांनो, तुम्ही मागं काय बोललात ते सगळं इथं इचलकरंजीत आमच्यापर्यंत पोचलंय. सुनेनं नदीची वटी भरली न्हाय, म्हणून पाणी घरात शिरलं. हेच ना? तर ऐका.

आपल्याकडं पूर आला की नदी माहेरवाशीण. पाणी उंबऱ्याला लागलं की घरच्या सुनेनं हळदकुंकू वाहायचं, खणानारळानं वटी भरायची, मग ती मागं फिरते. आम्ही गाव सोडलं त्या वर्षी मी ताट घेऊन पुढच्या दारात बसले होते. पाणी लागल्याबिगर वटी भरायची नाही, आणि वटी भरल्याबिगर घर सोडायचं नाही. आत्ती म्हणत होत्या, "येतंय की आता. दोनच पायऱ्या." तेवढ्यात आतनं लेक ओरडली. पाणी मागच्या दारानं आलं होतं आणि ती चुलीजवळ गुडघाभर पाण्यात उभी होती. मी ताट तिथंच ठेवलं, लेकीला उचललं. त्याची मला लाज नाही, वाटणारही नाही.

आता इथल्या शाळेत भूगोल शिकवते. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळं ओरडूनच शिकवावं लागतं. ढग सह्याद्रीला अडतो, वर चढताना गार होतो आणि घाटावरच रिकामा होतो. ते पाणी आपल्याकडं ऊन पडलं तरी नदीतनं येतच राहतं. नदी तुंबली की ओढ्याला वाट मिळत नाही, तो उलटा फिरतो. त्याला फुगवटा म्हणतात. आपलं मागचं दार ओढ्यावर. यात सुनेचा काय संबंध, सांगा की. पावसाशी माझं भांडण नाही. त्याच्यावरच आपला भात आणि ऊस. माझं भांडण दारात वाट बघत बसण्याशी आहे.

यंदा पुन्हा पाणी पात्राबाहेर पडलं. फोनवर आत्तींचं तेच, "वटी भरल्याबिगर मी हलायची न्हाय." हे म्हणाले, आई ऐकायची न्हाय, जाऊ दे. मी गाडी काढली. रस्ता अजून उघडा होता. आत्ती ताट घेऊन पुढच्या दारात बसलेल्या. दंडाला धरून त्यांना मागच्या दारात नेलं. ओढा परड्यात शिरला होता, केळी निम्म्या बुडाल्या होत्या.

"बघा, तुमची माहेरवाशीण कुठनं आलीया."

आत्तींनी केळींकडं बघितलं. मग ताट फळीवर ठेवलं, कुलूप घातलं आणि गाडीत येऊन बसल्या.

आता त्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर असतात. पाऊस लागलाय आणि लेक आतल्या खोलीत निवांत झोपलीय. घर म्हणजे मला एवढंच पाहिजे होतं, आणि ते मी मिळवलंय. कुणाला पळपुटी म्हणायचं तर खुशाल म्हणा.

काल चहा पिताना आत्ती खिडकीतनं वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "हितनं नदी दिसत न्हाय गं."

"न्हाय दिसत," मी म्हटलं. "ते बघूनच घर घेतलंय."