गुरू ग्रहावरचं होकायंत्र

मी मास्तर चांगला होतो आणि माणूस हलकट. लातुरात त्या दिवसांत पहिल्या गोष्टीला लई भाव होता, दुसरीची चौकशी कुणी करत नव्हतं. आधीच सांगून टाकतो, उगीच पुढं कुणी माझी कीव करत बसायला नको.

भूकंपाला सव्वादोन वर्षं झाली होती. पत्र्याच्या शेडमधून माणसं अजून बाहेर पडायची होती आणि इकडं गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड लागत होते. मी मुखेडचा. नांदेडला एम.एस्सी. केलं, प्लाझ्मावर संशोधन करायचं म्हणून मोठ्या संस्थेत अर्ज टाकला, तिथून चार ओळींचा नकार आला. मग आलो लातूरला, पोरांना फिजिक्स पाजायला.

आमच्या क्लासात पोरांना नावं नव्हती. दर रविवारी परीक्षा, सोमवारी नवा नंबर, आणि आठवडाभर तोच नंबर नाव म्हणून चालायचा. ‘ए सतरा, फळा पूस.’ ‘बावीस, झोपलास का रं?’ पहिल्या चाळीस नंबरांची पहिली बॅच. हॉस्टेलात खाट मिळायची ती त्यांनाच. एक्केचाळिसावा नंबर आला की दप्तर उचलायचं, खाट सोडायची. रडारड व्हायची. आम्ही मास्तर लोक खिडकीतून बघत चहा प्यायचो.

त्या बॅचात एक पोरगी होती, किल्लारीच्या बाजूच्या गावची. आईबाप दोघंही भूकंपात गेले. रेणापूरच्या मामानं सांभाळली, आणि क्लासात टाकताना ऑफिसात तिच्यासमोरच आम्हाला सांगितलं, “पहिल्या बॅचात हाय तवर शिकू द्या. खाली घसरली की मी घिऊन जाणार. पोरगं बघून ठिवलंय.” पोरगी भिंतीकडं बघत उभी होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिचा नंबर पस्तीस-अडतीसच्या मधे हलत असायचा. प्रत्येक सोमवारी ती यादीपुढं जायची तेव्हा तिचे ओठ पांढरे पडलेले मी स्वतः बघितलेत.

ती वर्गात चपला काढायची नाही. बाकी सगळ्यांच्या दाराबाहेर, हिच्या पायात. रस्त्यावरून ट्रक गेला, खिडकीची तावदानं वाजली की अर्धी उठून उभी राहायची. मी म्हणायचो, “अडतीस, बस खाली. लातूर हाय जाग्यावर.” वर्ग फिदीफिदी हसायचा. मला ते हसू आवडायचं, काय लपवू? आठवड्यातून दोनदा तरी मी ते मागून घ्यायचो.

एका गुरुवारी दुपारी लाईट गेली. पंखे बंद, फळा दिसेना. चुंबकत्वाचं प्रकरण चालू होतं. मला काय लहर आली कुणास ठाऊक, मी खडू ठेवला आणि गुरू ग्रहाकडं नुकत्याच पोचलेल्या यानाचं सांगायला लागलो. माझ्याकडं त्याची कात्रणं होती, एक अख्खी फाईल. सांगितलं की गुरूभोवती चुंबकाचं केवढं मोठं राज्य आहे. डोळ्यांना दिसलं असतं तर इथून आभाळात चंद्रापेक्षा मोठं दिसलं असतं. त्याच्या एका चंद्रावर ज्वालामुखी आहेत, ते गंधक ओकतात, त्या गंधकाचा विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, होतो, आणि दहा तासांत गिरकी घेणारा हा ग्रह तो वायू आपल्याबरोबर गरागरा फिरवतो. तिथले कण इतके जहरी की माणूस टिकणार नाही. आधी गेलेल्या यानाची यंत्रं त्या माऱ्यात भंजाळली होती. ह्या यानाची तर मोठी अँटेना छत्रीसारखी उघडायची होती, ती उघडलीच नाही. आता बारक्या अँटेनातून थेंबथेंब माहिती येणार.

पोरं वह्यांनी वारा घेत होती. ‘सर, हे परीक्षेला हाय का?’ एकानं विचारलं. नाही म्हटल्यावर सगळ्यांनी कान मिटले.

ती एकटी पुढं सरकून ऐकत होती. तिनं विचारलं, “सर, आपलं होकायंत्र तिथं नेलं तर?”

अहाहा! दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला शहाणा प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, “दक्षिण दाखवील. गुरूचं चुंबक पृथ्वीच्या उलटं आहे.” ती हसली. तिला हसताना मी तेवढं एकदाच बघितलं.

तिचा तो प्रश्न मी उचलला आणि रविवारच्या पेपरात टाकला. चार पर्याय. उत्तरांची चावी मी चहाच्या टपरीवर बसून बनवली, पन्नास प्रश्नांची, गप्पा हाणत. होकायंत्र म्हटलं की हात सवयीनं उत्तर दिशेवरच पडतो. पडला. चावी छापली गेली आणि दुपारी एकला गेटवर डकवली.

आता चावीची गंमत सांगतो. ‘आमची चावी चुकत नाही’ असं क्लासच्या मालकानं चौकातल्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. बाहेर पालक वह्या घेऊन उभे असायचे, ते चावी उतरून घ्यायचे, गावोगाव न्यायचे. त्यामुळं लागली ती लागली. केमिस्ट्रीच्या मास्तरची एकदा चुकली होती, तर मालकानं त्याला सगळ्या बॅचेससमोर उभा करून स्वतःच्या तोंडानं कबूल करायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी बोर्डावरचा त्याचा फोटो उतरवला. माझा फोटो बोर्डावर चढून आठवडाच झाला होता. माझा बाप मुखेडहून एस.टी.नं खास तो बघायला आला होता आणि बोर्डाखाली अर्धा तास उभा राहिला होता.

सोमवारी यादी लागली. ती बेचाळीस. एका मार्कानं.

ती स्टाफरूमच्या दारात आली. “सर, तेवढा एक प्रश्न. तुम्हीच सांगितलं होतं, दक्षिण.”

मला लख्ख आठवलं. मालक शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होता, त्यानं पेपर खाली केला. आणि मी म्हणालो, “मी? मी असलं काही शिकवलं नाही. सिलॅबसमधे तरी आहे का ते?”

“सर, लाईट गेली होती तेव्हा…”

“बेचाळीस, अंधारात काय ऐकलंस ते मला नको सांगू. नंबर गेला की सगळ्यांना चावीच चुकलेली दिसते.”

मालक हसला. वर्गातल्या कुणाला विचारलं असतं तरी कुणाला आठवलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ऐकलं होतं फक्त तिनं, आणि मी तिलाच खोटं पाडलं.

बुधवारी मामा आला. पोरीची ट्रंक गेटपाशी ठेवलेली होती. मी आत चाललो होतो, तर त्यानं मला थांबवलं. माणूस रागीट होता, पण त्या दिवशी हात जोडून बोलत होता. “सर, पोरगी म्हणतीया, चावीत चूक हाय. ती लबाड न्हाई, मला ठावं हाय. तुम्ही निस्तं हाव म्हणा. मी ट्रंक उचलून परत आत नेऊन ठिवतो. मालकाशी मी भांडतो, तुमचं नाव बी घेत न्हाई.”

अहो, एक शब्द! एवढाच मागत होता तो. तिनं माझ्याकडं बघितलं. मी गेटवरच्या चावीकडं बघितलं. आवाज मास्तरचाच निघाला. “चावी बरोबर आहे.”

मामा तिच्याकडं वळला. आता ती ओरडंल, मला सगळ्यांसमोर नागडा करंल असं वाटलं. तिनं ट्रंकेची कडी धरली. “माझंच चुकलं असंल, मामा. सर कशाला खोटं बोलतील? चला.”

ती मला वाचवत होती, की तिला खरंच तसं वाटलं, हे मला आजही कळलेलं नाही. मला तेव्हा काय वाटलं, ते मात्र नीट आठवतं. सुटलो, असं वाटलं. मग मी वर्गात गेलो आणि चाळिसाला शिव्या घातल्या.

जूनमध्ये नोट्स नव्यानं छापायच्या होत्या. तो प्रश्न मी ठेवला आणि पुढं ठळक टाईपात ‘दक्षिण’ घातलं. प्रूफ बघताना मालकानं भुवया चढवल्या. “मागच्या साली आपण उलटं दिलं होतं की ओ?”

मी डोळाही लवू दिला नाही. “हाव, पण आता ते यान पोचलंय ना तिकडं. त्यानं नवीन माहिती धाडली.”

मालक खूश झाला. ही माहिती ते यान उडायच्या कितीतरी आधीपासून पुस्तकांत होती, आणि तिच्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते.