श्वास रोखणाऱ्या रझिया मॅडम

रोपांजवळ गेल्या की रझिया मॅडम श्वास रोखायच्या. पानाला चिमट्यासारखं यंत्र लावायचं, आकडा स्थिर होईपर्यंत गप्प राहायचं आणि मग मागे सरून, तोंड फिरवून श्वास सोडायचा. पहिल्या दिवशी मी कौतुकाने वाकून पाहू लागलो, तर त्यांनी मला कोपराला धरून मागे ओढलं.

"काऊन फुंकर मारून राह्यले, विलासभाऊ? हे यंत्र मोजते तो कार्बन डायऑक्साइड तुमच्या श्वासातबी हाये. रोपटं मंग खोटं बोलते."

"मॅडम, मी कोळशाच्या खाणीतला माणूस. माझ्या श्वासाचं काय घेऊन बसलात?"

"खाणीचं मंग पाहू. आधी बाजूले व्हा."

घुग्घुसजवळच्या खाणीत माझं अर्धं आयुष्य गेलं. आम्ही जे वर काढतो ते कुठेतरी जळतं आणि हवेत जातं, हे मनातून जात नाही. खाणीतून निघालेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर झाडं लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सल्ला विचारायला मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो, आणि मग जातच राहिलो.

मॅडम राजुऱ्याच्या. वडील सुतार. तरुणपणी त्यांनी हिमालयात देवदार आणि कैल नावाच्या पाइनची रोपं जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवून पाहिली होती. वेगवेगळी लावली तर दोन्ही बाळसं धरायची. एकाच कुंडीत लावली की एक दुसऱ्याचा उजेड खायचं. "एकट्याले वाढवणं सोपं हाये," त्या म्हणायच्या. "शेजारी आला का खरं समजते."

तोच प्रश्न त्या चंद्रपूरच्या कॉलेजमागे, वरून उघड्या असलेल्या प्लास्टिकच्या खोल्यांत, साग आणि बिजा, म्हणजे बिवळा, या दोन झाडांना विचारत होत्या. जास्तीच्या वायूवर सागाची पानं सुपाएवढी झाली. बिजा त्यांच्याखाली दबला. वडील बिज्याच्या लाकडाचे पेले करत, त्यात ठेवलेलं पाणी निळसर दिसे; मॅडमचा जीव कुठे होता ते मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "ते पान जरा बाजूला करू का?"

"हात नाई लावाचा. उद्याच्या हवेत त्याले कोन पान बाजूले करून देनार हाये?"

एका दुपारी गेलो तर मॅडम कुंडीपाशी बसून मोकळा, मोठा श्वास घेत होत्या. हातात मुळांच्या मातीसकट उपटलेला बिजा. एकच पान उरलेलं, तेही पिवळं.

"पाहून काय राह्यले? पिशवी आना."

रोप पिशवीत ठेवून त्यांनी कुंडीवर जाड पेनाने 'बाद' लिहिलं.

"आणि प्रयोग, मॅडम?"

"बाकीच्या कुंड्या बोलतील ना खरं. हे पोट्टं माह्याच्यानं मरू देणं नाई झालं." मग पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुमच्या ढिगाऱ्यावर याले आधी जागा द्या. सागाले मंग आना."

खाणीत सगळ्यांना सागच हवा होता, लवकर हिरवं दिसतं म्हणून. मी हट्ट धरला. एका उतारावर आधी नुसता बिजा लावला. साग दोन पावसाळ्यांनंतर.

मॅडम निवृत्त होऊन मुलीकडे हैदराबादला निघाल्या, तेव्हा बसजवळ मी म्हणालो, "एका उताराने माझी खाण फिटत नाही, मॅडम."

"फेडाले कोनं सांगतलं? पानी द्याले सांगतलं."

परवा उतारावरून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. 'बाद' कुंडीतला बिजा आता माझ्या डोक्यावर गेला आहे. नवी पालवी दाखवायला मी फोन फांदीजवळ नेला.

"शेजारी आला का?"

"आला. गुडघ्याएवढा साग."

"अन् तुमी असे फुगून काऊन उभे?"

तेव्हा कळलं, मी श्वास रोखून धरला होता.

"सोडा भाऊ," मॅडम हसत म्हणाल्या. "त्याले चालते आता."

मी सोडला. समोरचं कोवळं पान जरासं हललं.