खोकणारी पिकअप आणि आजींची म्हैस

आजही घरासमोरून एखादी जुनी पिकअप फटफटत गेली, की मी हातातला पेपर खाली ठेवून कान देतो. बायको आतूनच म्हणते, "गाडी गेली. म्हैस काही आली नाही." नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण घरात माझी किंमत ठरली ती या एका प्रकरणावरून.

तेव्हा मी शिराळा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात बाहेरून भांडणाचा आवाज आला. वरच्या वाडीतल्या एक आजी ठाणे अंमलदारासमोर पदर खोचून उभ्या होत्या.

"माजी म्हस पान्हा सोडंना. तुमी कायतरी करा."

"आजी, हे पोलीस ठाणं हाय. जनावरांचा दवाखाना स्टँडच्या मागं."

"तितनंच आले. डाक्टर म्हनला म्हस ठणठणीत हाय. तुमी गाडी हुडका, म्हंजी दूद येतंय."

मी आजींना आत बोलावलं. गाडी कोणती, हे मला विचारावं लागलं नाही. वाडीतला एक निवृत्त फौजी आपल्या पिकअपमधून दूध गोळा करून संकलन केंद्रावर पोचवायचा. ती पिकअप चोरीला गेल्याची फिर्याद त्याने नुकतीच आमच्याकडे दिली होती. आजींच्या म्हशीचं रेडकू जन्मल्यावर लगेच दगावलं होतं. रेडकू नसलेली म्हैस सहजासहजी दूध देत नाही, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. या म्हशीने त्यावर स्वतःच तोड काढली होती. फौजीची गाडी रोज चढण चढून वर यायची, तिचा आवाज कानावर पडला की म्हैस पान्हा सोडायची. गाडी गेली आणि म्हशीने असहकार पुकारला.

"पोरगं म्हनतंय, म्हस आटली, येत्या बाजारी इस्लामपूरला इकून टाकू," आजी म्हणाल्या आणि खोचलेला पदर सोडवून बाकावर टेकल्या. "माज्यापाशी तेवढं एकच जित्राब हाय, सायेब."

मला हसू आवरत नव्हतं आणि वाईटही वाटत होतं. मी फौजीला पुन्हा बोलावलं. "गाडीचा आवाज एवढा वेगळा होता, तर फिर्यादीत का नाही सांगितलंस? मी खास खूण विचारली होती."

फौजी सावधान उभा होता. नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर होती. "नो साब. मामुली आवाज. डिझेल गाडी म्हटल्यावर हुयाचाच."

फौजी खोटं बोलला की जास्तच ताठ उभा राहतो, हे मी ओळखून होतो. पण का खोटं बोलतोय, ते कळेना.

थोड्याच दिवसांत सांगलीकडच्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. हा माधवनगरात चहाची टपरी चालवायचा. "सायेब, नव्या रंगाची एक पिकअप हितनं बेदाण्याची खोकी न्हेती. दिसाया नवरीवानी, पर चढाला लागली की म्हाताऱ्यागत खोकती. पयलं फट-फट-फट, मग फुस्स, आन् पाय काढला की खॉक!"

आम्ही गाडी आणि गाडीवाला दोघांनाही ठाण्यात आणलं. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यावर गॉगल, बोलणं अगदी साखरेचं. कागदपत्रं होती, पण ती भंगारात गेलेल्या दुसऱ्याच गाडीची असावीत असा माझा संशय होता. चेसिस नंबर घासून काढलेला. तो म्हणाला, "गंजलाय साहेब, जुनी गाडी आहे." प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार, आणि तोवर आजींची म्हैस इस्लामपूरच्या बाजारात उभी राहणार.

ओळख पटवायला फौजीला बोलावलं, सोबत आजीही आल्या. फौजीने गाडी सुरू केली. फट-फट-फट, फुस्स, खॉक. त्याचे डोळे भरून आले. "साब, माझीच हाय."

"आवाजावर कुणी गाडी ओळखतं का?" गाडीवाला हसला. "आणि हा आवाज आज सकाळीच सुरू झालाय. तुमच्या हवालदारांनी गाडी रस्ताभर दामटली. आधी मशीन कसं लोण्यासारखं चालायचं."

मी त्याला पाणी दिलं, चहा दिला, एकच प्रश्न दहा तऱ्हेने विचारला. उत्तर तेच. चौकशीत चिडणारा माणूस परवडतो, गोड बोलणाऱ्यापुढे पोलीस हैराण होतो.

शेवटी आजीच म्हणाल्या, "येकदा माज्या दारात गाडी न्हेऊन दावा. म्हस खोटं बोलनार न्हाई."

म्हशीची साक्ष कोणत्या कायद्यात बसते, ते मला ठाऊक नव्हतं. पण गाडी जिथून गेली ती जागा गाडीवाल्यासमोर पुन्हा पाहण्यात काहीच गैर नव्हतं. दोन पंच घेतले, गाडीवाल्याला जीपमध्ये घातलं आणि आम्ही निघालो. पुढे फौजी पिकअप चालवत होता, शेजारी हवालदार आणि आजी.

गाडी चढणीला लागली आणि वाडी जागी झाली. कुणी काही कळवलेलं नव्हतं, तरी घराघरांतून बाया किटल्या घेऊन रस्त्याला आल्या. एकीचे हात पिठाचे होते. "आली गं फौजीची गाडी!" म्हणत त्या नव्या रंगाच्या, नव्या नंबरच्या गाडीमागे लागल्या. रंगाकडे एकीनेही पाहिलं नाही.

गोठ्यात म्हैस रवंथ करत बसली होती. फौजीने दारात गाडी उभी केली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. खॉक! म्हैस थांबली, कान टवकारले, उठून उभी राहिली आणि पान्हावली. आजी कासंडी घेऊन खाली बसल्या आणि धारांचा आवाज सुरू झाला. "आली गं बाई, आली," असं त्या म्हशीला सांगत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

एका पंचाने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सायेब, हे पंचनाम्यात कसं ल्ह्याचं?"

मी त्याच्या हातातला कागद घेतला, तेवढ्यात गाडीवाल्याचा संयम सुटला. बायांचा घोळका, किटल्या, म्हैस हे सगळं पाहून त्याचा गॉगल कपाळावर गेला होता. "कसली गाडी आहे ही! दोन सायलेन्सर बदलले, तरी खोकला जाईना!"

मी पंचाला सोडून त्याच्याकडे वळलो.

"आवाज आज सकाळी सुरू झाला ना?" मी विचारलं. "मग सायलेन्सर कशासाठी बदललेस?"

त्याने कपाळावरचा गॉगल काढून खिशात ठेवला. मग चोरीची सगळी हकिगत त्याने भराभर सांगितली. मला मात्र एक गोष्ट कळत नव्हती. दोन सायलेन्सर बदलूनही आवाज गेला नाही, तर तो येत होता कुठून? मी फौजीकडे पाहिलं. तो पुन्हा ताठ उभा राहिला.

"साब, दंड किती पडंल?"

"कसला दंड?"

मग सगळं बाहेर आलं. इंजिनाजवळच्या पायपाचा जोड एकदा फुटला होता. फौजीने तो नीट करून आणला, गाडी गुपचूप चालायला लागली आणि बायांना ती आलेली कळेना. दूध घरातच राहिलं. बायांनी फौजीची अशी काही हजेरी घेतली, की त्याने जोड पुन्हा सैल केला आणि नेमका पहिल्यासारखा आवाज यावा म्हणून फटीत डबीच्या पत्र्याचा तुकडा बसवला. हे फिर्यादीत सांगावं, तर माझ्या खुर्चीमागे फलक होता: 'कर्णकर्कश आवाज करणाऱ्या वाहनांवर कडक कारवाई.' गाडी गेली ती गेली, वर दंड कशाला, असा त्याने हिशोब केला.

जोडाच्या फटीतून पत्रा डोकावत होता. फौजीने घरातून उरलेली अर्धी डबी आणली. डबीवरच्या बाईचा अर्धा चेहरा घरात आणि अर्धा गाडीत, दोन्ही तंतोतंत जुळले. पंचांनी जागेवर फोटो घेतले.

"आरं मुडद्या, माजी मिसरीची डबी!" आजी गोठ्यातून ओरडल्या. "घरभर हुडकली मी!" पण चहा त्यांनी सगळ्यांना दिला, चोरालासुद्धा.

प्रकरण मिटलं असं मला वाटलं, पण गाडी आता मुद्देमाल होती. न्यायालयाचा आदेश होईपर्यंत ती ठाण्याच्या आवारातच राहणार. हवालदाराने मोबाइलवर आवाज भरून आजींना दिला. म्हशीने त्या मोबाइलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी आजी म्हशीला घेऊन डोंगर उतरून आवारात हजर. मी मान डोलावली, हवालदाराने गाडी सुरू केली, आणि मग तो रोजचाच शिरस्ता पडला. आमचा चहा त्या दिवसांत फार सुधारला.

अशाच एका सकाळी वरिष्ठ साहेब न सांगता तपासणीला आले. आवारात धार चालू होती.

"ही म्हैस कुणाची?"

"साक्षीदार आहे, सर," मी म्हणालो. त्यांनी म्हशीभोवती एक फेरी मारली आणि चहा मागवला. दुसरा कप त्यांनी स्वतःहून मागितला.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. माणूस आपलं मोठं नुकसान सांगायला आला, तरी स्वतःची बारीकशी चूक मुठीत झाकून येतो, आणि नेमका धागा त्या मुठीत असतो. पुढे प्रत्येक फिर्यादीला मी खुर्चीतून उठून बाहेरच्या बाकावर घेऊन बसायचो. तिथून तो फलक दिसत नव्हता.

आदेश आला आणि गाडी फौजीच्या ताब्यात दिली. सही करून तो घुटमळला. "साब, आता आवाज बंद करून घिऊ?"

"कायद्याने करायलाच हवा."

"बरं," आजी म्हणाल्या आणि म्हशीचं दावं माझ्या हातात दिलं. "मग हिला तुमीच समजावून सांगा."

म्हैस माझ्याकडे पाहत होती. मी दावं फौजीच्या हातात दिलं. म्हैस आणि आजी मागच्या हौद्यात चढल्या, आणि पिकअप ठाण्याच्या फाटकातून खोकत बाहेर पडली.